आधी सांगा, कुणापासून?

पत्र

नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या बचत गटाची मी सचिव आहे. गटात बारा बायका. बैठक, हप्ता, बँकेची कामं, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. आधार, पासबुक, फोटो, जे लागेल ते बायका तिथंच टाकतात. मागच्या महिन्यात मी थकलेल्या हप्त्यांची यादी ग्रुपवर टाकली. दिवस मावळायच्या आत तिचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर! यादीत एका विधवा बाईचं नाव होतं. तिच्या दिरानं दारात येऊन तमाशा केला. ती आता बैठकीला येईना.

दुसरं म्हणजे माझी पोरगी लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते, वय १७. कुणीतरी तिचा फोटो उचलून खोटं अकाउंट काढलं आणि तिच्याच क्लासच्या पोरांना मेसेज पाठवले. तिसरं, बहिणीच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचं मी फोनवर बघितलं, तर दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यांच्या जाहिराती सुरू. हा फोन आपलं बोलणं ऐकतो का?

पुतण्या म्हणतो, काकू टेलिग्रामवर या, नाहीतर मॅस्टोडॉन म्हणून एक आहे, तिथं जाहिरातीच नसतात. मालक म्हणतात, आपल्याकडं लपवण्यासारखं आहेच काय. मला तर वाटतं, सगळंच बंद करून टाकावं. पण गटाचे पापड-मसाले फेसबुकवर टाकले की खपतात. कोणतं ॲप घेऊ, ते एकदा सांगा.

– एक सचिव, बीड जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही प्रश्न एकच विचारलाय, पण तक्रारी तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या लोकांविरुद्ध आहेत. यादी बाहेर गेली ती गटातल्याच एखाद्या घरातून. पोरीचा फोटो उचलला तो भामट्यानं. जाहिराती दाखवल्या त्या कंपन्यांनी. गाव, भामटा आणि कंपनी, या तिघांना एकच कुलूप लागत नाही. पुतण्या ज्या ॲपांची नावं घेतोय ती फार तर कंपनीवर उपाय आहेत, तेही सगळी नाहीत. त्यामुळं कोणतं ॲप हे विचारायच्या आधी, कुणापासून आणि काय जपायचंय, हे वेगळं करून बघू.

मालकांचं आधी उरकते. त्या बाईनं काय लपवलं होतं, असं त्यांना विचारा. नवरा गेल्यावर हप्ता थकणं हा काही गुन्हा नाही. पण ते दिराच्या कानावर कधी आणि कुणाकडून जावं, हे तिनं ठरवायचं होतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगून टाकलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. एवढ्यानं पटलं नाही, तर सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी त्यांच्या नावासकट पारावर लावली तर चालेल का, तेवढं विचारून बघा.

आता गाव. तुमच्या पत्रातलं सगळ्यात दुखरं तेच आहे, आणि नेमकं त्यावरच ॲप बदलून काही होणार नाही. जगातलं सगळ्यात सुरक्षित ॲप घेतलं तरी समोरच्या फोनवर मेसेज उघडला की तो तिथल्या माणसाचा झाला. सिग्नल नावाच्या मेसेज ॲपमध्ये स्क्रीनशॉट बंद करायची सोय आहे, पण ती आपल्या स्वतःच्या फोनपुरती. दुसरीच्या फोनवर आपलं काही चालत नाही. आणि चाललं असतं तरी शेजारी बसलेला दुसरा फोन काढून फोटो मारतोच.

शिवाय आपल्याकडं सिमकार्ड बाईच्या नावावर असतं आणि फोन पोराच्या हातात असतो. रात्री नवरा बघतो, सकाळी लेकरू गेम खेळतं, दुपारी सून व्हिडिओ लावते. बारा बायकांचा ग्रुप म्हणजे प्रत्यक्षात बारा घरांचा ग्रुप. यादी कुणी पाठवली ते शोधत बसू नका. जिच्या फोनवरून गेली तिला स्वतःलाही कदाचित ते माहीत नसेल, आणि भर बैठकीत उलटतपासणी घेतलीत तर एक बाई गेलीच आहे, आणखी चार जातील.

यावरचा इलाज तुमच्या गटाकडं आधीपासूनच आहे, तो फोनच्या नादात मागं पडला. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लेखे. हिशोब बैठकीत वाचला जातो, समोरासमोर, आणि वही परत पिशवीत जाते. तेव्हा ठराव करून टाका की कुणाची थकबाकी, कुणाचं कर्ज, कुणाच्या घरचं आजारपण ग्रुपवर लिहायचं नाही. हप्ता राहिला असेल तर तिला एकटीला फोन करायचा किंवा घरी जायचं. ग्रुपवर बैठकीची तारीख, बँकेचा निरोप, पापडाची ऑर्डर, एवढंच. हा ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. सीआरपी ताईंनाही (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्या) सांगा, कारण याद्या मागवायची घाई बऱ्याचदा वरूनच सुरू होते.

व्हॉट्सॲपमध्येच दोन-तीन बटणं आहेत, ती दाबून ठेवायला हरकत नाही. मेसेज आपोआप नाहीसे व्हायची सोय आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. गटासाठी ७ दिवस पुरे. ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ नावाचं एक सेटिंग २०२५ मध्ये आलंय. ते लावलं की पूर्ण चॅट बाहेर काढता येत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र त्यानंही थांबत नाही. ‘चॅट लॉक’ लावलं की तो ग्रुप बोटाच्या ठशाशिवाय किंवा फोनच्या पासवर्डशिवाय उघडत नाही. पण हे शेवटचं बायकांवर लादू नका. ज्या घरात फोन सामाईक आहे तिथं ‘कुलूप का लावलंस?’ यावरूनच भांडण पेटतं. कुणी स्वतःहून लावलं तर लावू द्या. बाकीच्यांच्या फोनमध्ये लपवावं लागेल असं काही पाठवलंच नाही, तर त्यांना कुलपाची गरज राहत नाही.

कागदांचा मामला यापेक्षा गंभीर आहे. बारा बायकांची आधार कार्डं आणि पासबुकं एका ग्रुपवर, म्हणजे ती बारा फोनांच्या गॅलरीत, आणि ज्यांचं गुगल फोटोज चालू आहे त्यांच्या गुगलच्या खात्यातही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी किती बनावट लिंका फिरल्या ते तुम्ही बघितलंच असेल. अशा लोकांना नाव, आधार नंबर, खाते नंबर आणि मोबाइल नंबर एका जागी सापडला तर दुसरं काही शोधावं लागत नाही. म्हणून चार कामं करा. एक, जुने फोटो ग्रुपमधून ‘सर्वांसाठी’ डिलीट करा. ॲडमिन असाल तर दुसऱ्यांनी टाकलेलेही काढता येतात. फार जुने निघणार नाहीत, ते ज्याचे त्यानं आपल्या फोनवरून काढायचे. दोन, बैठकीत सगळ्यांना गॅलरी उघडायला लावून तिथलेही उडवा, आणि गॅलरीतल्या कचराडब्यातूनही. तीन, यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बऱ्याच कामांना तेवढं चालतं. चार, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा म्हणजे कुणाच्या नुसत्या ठशावर पैसे निघणार नाहीत. मात्र रेशनला किंवा बँक मित्राकडं अंगठा द्यायच्या आधी ते उघडायची आठवण ठेवा, नाहीतर दुकानात रांग तुमच्या नावानं बोटं मोडेल.

आता कंपनीकडं येऊ. इथं ॲपचा प्रश्न खरा आहे, आणि इथंच लोकांचे गैरसमजही जास्त आहेत.

व्हॉट्सॲप तुमचे मेसेज वाचतं का? नाही. एप्रिल २०१६ पासून तिथल्या मेसेजला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पाठवणारीच्या फोनवर कुलूप लागतं आणि किल्ली फक्त घेणारीच्या फोनवर असते. मधल्या कंपनीला मजकूर दिसत नाही. गंमत म्हणजे ही पद्धत व्हॉट्सॲपनं सिग्नलवाल्यांचीच घेतलेली आहे. पण मजकूर सोडून बाकी बरंच दिसतं. तुम्ही कुणाशी, किती वेळा, कोणत्या वेळी बोलता, कोणत्या ग्रुपांत आहात, तुमच्या फोनबुकात कुणाचे नंबर आहेत. एखादी बाई रात्री अकराला वकिलाला चार वेळा फोन करते, एवढं कळलं तरी पुष्कळ कळलं. आणि चॅटचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जात असेल तर त्यावर वेगळं एन्क्रिप्शन लावावं लागतं. ते सेटिंगमध्ये आहे, पण आपोआप चालू नसतं.

फेसबुकनं व्हॉट्सॲप २०१४ मध्ये विकत घेतलं, सुमारे १९ अब्ज डॉलरला. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी नवं धोरण आणलं की माहिती फेसबुकच्या इतर कंपन्यांबरोबर वाटून घेण्याला हो म्हणा, नाहीतर ॲप सोडा. तेव्हाच सिग्नल आणि टेलिग्रामवर लोकांची झुंबड उडाली होती. या ‘हो म्हणा नाहीतर जा’ प्रकाराबद्दल आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तेव्हा तुम्हाला वाटणारी धास्ती अगदीच हवेतली नाही.

फोन ऐकतो का, याचं मात्र उत्तर वेगळं आहे. तसा पुरावा नाही, आणि त्यांना ऐकायची गरजही नाही. तुम्ही गर्भपिशवीचं ऑपरेशन यूट्यूबवर किंवा गुगलवर शोधलंत, एखाद्या दवाखान्याची साइट उघडलीत. अशा बऱ्याच साइटवर जाहिरात कंपन्यांचे माग काढणारे तुकडे बसवलेले असतात, ते ‘ही बाई इथं येऊन गेली’ एवढं कळवतात. बहिणीबरोबर प्रत्यक्ष दवाखान्यात गेला असाल तर फोनच्या लोकेशननंही तेच सांगितलं असेल. आपल्या जिल्ह्यात या ऑपरेशनवरून काय काय झालंय, ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्यावरून सरकारला २०१९ मध्ये चौकशी समिती कशी नेमावी लागली, हे तुम्हाला सांगायला नको. अशा विषयात घाबरलेल्या बाईला दवाखान्याची जाहिरात दाखवणं हा साधा धंदा नाही, त्यावर खरंच चीड यायला हवी.

त्यावर उपाय असा. यूट्यूबची आणि गुगलची हिस्टरी बंद करता येते, जुनी पुसताही येते. फेसबुकच्या अकाउंट सेंटरमध्ये बाहेरच्या साइटवरून तुमच्याबद्दल आलेली माहिती दिसते आणि तोडता येते. आजारपणाचं काही शोधायचं असेल तर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडून डकडकगो या सर्च इंजिनवर शोधा. आणि लोकेशनची परवानगी ज्या ॲपला लागत नाही तिथून काढून घ्या. टॉर्चच्या ॲपला तुम्ही अंबाजोगाईत आहात की परळीत, याच्याशी काय करायचंय?

आता पुतण्याकडं. पोरगं मनानं चांगलं दिसतंय, पण त्याच्या यादीचा क्रम चुकलाय.

टेलिग्राम सुरक्षित आहे हा आपल्याकडचा सगळ्यात पसरलेला गैरसमज. टेलिग्रामच्या साध्या चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाहीच. ‘सीक्रेट चॅट’ म्हणून वेगळी उघडावी लागते, तीही फक्त दोघांत. ग्रुपला ती सोय मुळीच नाही. म्हणजे तुमच्या बारा जणींचा ग्रुप व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर नेलात, तर कंपनीच्या बाबतीत तुम्ही एक पायरी खाली उतरलात. नोट्सच्या पीडीएफ आणि भल्यामोठ्या फायली यांसाठी पोरं ते वापरतात, त्यासाठी ते ठीक आहे. पुतण्याचा अनुभव तेवढाच असणार.

अरट्टाई कुणी सुचवलं नाही, पण सुचवतील. चेन्नईच्या झोहो कंपनीचं ते ॲप. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात स्वदेशीच्या लाटेत लाखो लोकांनी उतरवलं. झुंबड उडाली तेव्हा त्यातल्या मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं. घ्यायचंच असेल तर आज तुमच्या ग्रुपवर ते चालू आहे का, हे आधी तपासा. कंपनी आपल्या देशातली असणं आणि किल्ली आपल्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वदेशीचा अभिमान बाळगावा, पण त्यावर पासबुकाचे फोटो पाठवू नयेत. कू आठवतं ना? बंगळूरचं, मराठीतही चालायचं, २०२० मध्ये आलं आणि २०२४ मध्ये बंद पडलं. नव्या जागी जाताना ती टिकेल का, हाही प्रश्न असतोच.

मॅस्टोडॉनबद्दल पुतण्या खोटं बोलत नाही. जर्मनीतल्या ऑयगन रोखको नावाच्या प्रोग्रामरनं ते २०१६ मध्ये सुरू केलं. एका कंपनीचं एक दुकान असं ते नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत, कुणी व्यक्ती चालवतं, कुणी संस्था, आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो. जाहिराती नाहीत, पोस्टी ज्या क्रमानं पडतात त्याच क्रमानं दिसतात, आणि एखादा सर्व्हर पटला नाही तर आपले फॉलोअर घेऊन दुसरीकडं जाता येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, तेव्हा आपल्याकडची बरीच मंडळी तिकडं गेली होती. थोड्याच दिवसांत बरीचशी परतलीही. फोटोंसाठी त्याच घराण्यातलं पिक्सेलफेड आहे. मला ही जागा मनापासून आवडते. ज्याला लिहायचंय, वाद घालायचाय, कविता टाकायच्यात, त्यानं तिथं जावं.

पण ताई, तुमच्या कामाची ती नाही. ते चव्हाट्यावर बोलण्याचं ठिकाण आहे, गटाच्या गोष्टी ठेवण्याचं नाही. तिथले खासगी मेसेजसुद्धा एन्क्रिप्ट होत नाहीत, सर्व्हर चालवणाऱ्यानं ठरवलं तर तो वाचू शकतो. ब्लूस्काय नावाचं आणखी एक आहे, २०२४ पासून सगळ्यांना खुलं, तिथं तर पोस्ट टाकली की ती साऱ्या जगाची. आणि तुमचे पापड घेणारं गिऱ्हाईक या दोन्ही ठिकाणी नाही.

उरलं सिग्नल. माझं मत विचाराल तर खासगी बोलण्यासाठी आज हेच. नफा न कमावणारी संस्था ते चालवते, देणग्यांवर. सिग्नल फाउंडेशन २०१८ मध्ये उभं राहिलं ते ब्रायन ॲक्टन यांच्या ५ कोटी डॉलरवर, आणि हे ॲक्टन म्हणजे व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकी एक! आपण काढलेलं घर विकल्यावर पश्चात्तापाचं एवढं मोठं माप क्वचितच कुणी घालतं. मेसेज, फोन, ग्रुप, सगळ्याला एन्क्रिप्शन आहे आणि ते चालू करावं लागत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत सरकारी वकिलांनी एका वापरकर्त्याची माहिती मागितली, तर सिग्नलकडं द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जे साठवलंच नाही ते देणार कुठून? खातं उघडायला मोबाइल नंबर लागतोच, पण २०२४ पासून युजरनेम ठेवून तो समोरच्यापासून झाकता येतो. वापरायला व्हॉट्सॲपइतकंच सोपं आहे.

अडचणीही ऐकून ठेवा. कीपॅडच्या फोनवर ते चालत नाही. बॅकअप चालू केला नसेल आणि फोन हरवला, तर जुनं काही परत येत नाही. त्यावरून यूपीआयनं पैसे पाठवता येत नाहीत. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तिथं तुमच्या ओळखीचं कुणीच नसेल. बारा जणींना नवं ॲप घ्यायला लावलंत तर तीन घेतील, पाच विसरतील, दोघींच्या फोनमध्ये जागा नसेल, आणि दसऱ्यानंतर ज्या ऊसतोडीला जातात त्यांना फडावर धड चार्जिंगही मिळत नाही. म्हणून सगळ्यांना हलवू नका. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, तिघी सिग्नलवर या. कागदपत्रं, खाते नंबर, थकबाकी, बँकेशी झालेलं बोलणं, एवढंच तिथं. मेसेज चार आठवड्यांत नाहीसे होतील असं लावा. एखादीला कागद पाठवायचा असेल आणि तिच्याकडं सिग्नल नसेल, तर बैठकीला झेरॉक्स आणायला सांगा. दोन रुपयांत काम होतं. बहिणीलाही सिग्नल घ्यायला लावा, तिचे रिपोर्ट आणि तुमचं बोलणं त्यावर. तुमच्या आयुष्यातलं जे खरंच खासगी आहे ते चार-पाच माणसांतच असणार. तेवढी हलली तरी काम झालं.

एक सावधगिरी. पुतण्या उद्या यूट्यूब बघून एलिमेंट, थ्रीमा, ब्रायर अशी नावं घेऊन येईल. ॲप म्हणून ती वाईट नाहीत. पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १४ मेसेंजर ॲप बंद केली, जम्मू-काश्मीरमधले दहशतवादी ती वापरतात असं कारण देऊन, आणि ही तिन्ही त्या यादीत होती. कुणी लिंक पाठवून ‘इथून उतरवून घ्या’ म्हणालं तर घेऊ नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं, ही सवय मोडू नका. भामट्यांचं अर्ध कुरण त्या लिंकांवरच आहे.

पोरीचं आता. आधी तिचा फोन काढून घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. चूक तिनं केलेली नाही, आणि फोन गेला की पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही. खोटं अकाउंट अजून असेल तर त्याचे स्क्रीनशॉट आणि त्याची लिंक आधी जपून ठेवा, मगच रिपोर्ट करा. अकाउंट उडाल्यावर पुरावा उरत नाही. तिच्या दोन-चार मैत्रिणींनाही रिपोर्ट करायला सांगा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते, बायका आणि मुलांसाठी तिथं वेगळा विभाग आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन. लातूरमध्ये जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच मागून घ्या. ‘अकाउंट बंद झालं ना, मग कशाला’ असं म्हणून परत पाठवतील, तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तिचं स्वतःचं अकाउंट प्रायव्हेट करा, फॉलोअरची यादी तिला स्वतःला चाळू द्या. होस्टेलची पाटी, क्लासचं ओळखपत्र, रोज संध्याकाळी कुठल्या चौकात चहाला जातात, हे फोटोत नको. आणि जाता जाता एक सांगते. लातूरच्या क्लासेसचे फ्लेक्स बघितलेत ना, चौकाचौकात पोरींचे फोटो, पूर्ण नाव आणि मार्क? पालक कौतुकानं फोटो देतात, पण भामट्याला आयतं साहित्य तिथंच मिळतं. तुमची लेक चांगले मार्क पाडणारच, तेव्हा फ्लेक्सवर फोटो लावायचा की नाही हे तिला विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांवर रोखून जाहिराती दाखवायला बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेत, अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. म्हणून क्लासवाल्यांना आणि ॲपवाल्यांना ‘आमची परवानगी नाही’ हे लेखी सांगायची सवय आत्तापासून लावून घ्या.

शेवटचं, फेसबुक बंद करू का? गटाचा माल तिथं खपतोय तोवर नको. पण विक्री तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून चालत असेल तर ती थांबवा. गटाच्या नावानं वेगळं पेज काढा, दोघी-तिघी ॲडमिन ठेवा, ऑर्डरसाठी शक्य असेल तर वेगळं सिम. पेजवर पापड, मसाले, भाव, एवढंच. लेकराबाळांचे, लग्नाचे, घराचे फोटो तुमच्या प्रोफाइलवरून काढून टाका आणि प्रोफाइल लॉक करा, ती सोय भारतात २०२० पासून आहे. व्हॉट्सॲपवरही डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल आणि ग्रुपमध्ये फक्त ओळखीचेच घालू शकतील असं लावा, आणि सहा आकडी पिन ठेवा. तो पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

पुढं कधी खरंच फेसबुक सोडायचं ठरलं, तर आधी सेटिंगमधून तुमची सगळी माहिती उतरवून घ्या. पेज दुसऱ्या ॲडमिनच्या नावावर करा, नाहीतर एकट्या तुम्ही ॲडमिन असाल तर तेही जाईल. मग डिलीट करा, नुसतं डीॲक्टिव्हेट नको. डिलीट केल्यावर ३० दिवसांच्या आत कुठूनही लॉगिन झालं की डिलीट रद्द करायची वाट उघडी राहते. तेव्हा पुतण्याच्या फोनवर तुमचं अकाउंट उघडं असेल, आणि मला वाटतं असणारच, तर आधी तिथून लॉगआउट करून घ्या.